इलेक्ट्रिक गिटारच्या पॉलिशचा टवका उडालाय, घरी भरता येईल का? (सांगली)

सहावी_तार

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे काळी, स्ट्रॅट धाटणीची (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारखी) इलेक्ट्रिक गिटार आहे. आठ वर्षांपूर्वी पहिल्या पगारातून सेकंडहँड घेतलेली. रोज संध्याकाळी तासभर तरी वाजवते. परवा उठताना केबल पायात अडकली आणि कॉटला टेकवून ठेवलेली गिटार सरकत जाऊन शहाबादी फरशीवर आपटली.

मान सरळ आहे, सूर लागतायत, तिन्ही पिकअप (तारांचा आवाज उचलणारे चुंबक) वाजतायत. ते सगळं आधी तपासलं. पण बॉडीच्या खालच्या शिंगासारख्या टोकाच्या कडेला टवका उडालाय. हरभऱ्याच्या डाळीएवढा, आतलं लाकूड दिसतंय. टवक्याभोवती दीड-दोन मिलिमीटर रुंद पांढरट कडा आलीय, तिच्यावर नख दाबलं की थर किंचित हलतो. उडालेला पोपडा खूप शोधला, मिळाला नाही.

एका दुकानात सांगितलं, अख्खी बॉडी खरवडून नव्याने रंगवावी लागेल. फर्निचर पॉलिश करणारे एक काका म्हणाले, लांबी (पुट्टी) भरून वरून काळा मारून देतो. दोन्ही ऐकून धीर झाला नाही. सध्या टवक्यावर कागदी टेप लावून ठेवलीय.

मला ती नवीकोरी दिसायला नको आहे. पण रोज हाताखाली येणाऱ्या जागी उघडं लाकूड राहावं असंही वाटत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांनासुद्धा बुरशी येते. हे घरी, हाताने करता येईल का? काय वापरायचं, कशापासून दूर राहायचं? कुणी स्वतः केलं असेल तर सविस्तर लिहा.

माधवनगर

ताई, पहिली गोष्ट म्हणजे ती टेप सावकाश काढा. सुटलेल्या थराकडून चांगल्या थराकडे ओढू नका, उलट्या दिशेने काढा, नाहीतर टेपबरोबर आणखी पोपडा येईल. आणि तूर्त त्यावर काहीच लावू नका.

ती पांढरट कडा म्हणजे रंग गेलेला नाही. काळ्या रंगावर पारदर्शक थर असतो, तो आपटल्यामुळे रंगापासून सुटलाय आणि मधे हवा शिरलीय. हवेमुळे ते पांढरं दिसतं. तिथे पातळ सुपरग्लू शिरला की ती कडा पुन्हा काळी होते. मी हे अनेकदा केलंय आणि दर वेळी बघायला आवडतं.

पण त्याआधी तुमच्या गिटारवरचं फिनिश नायट्रोचं (नायट्रोसेल्युलोज लॅकरचं) आहे की पॉलीचं (पॉलीयुरेथेन किंवा पॉलिएस्टरचं), ते कळायला हवं. मागची स्प्रिंगवरची प्लेट काढा. प्लेटखाली झाकली जाणारी बॉडीची पट्टी असते, तिथे कान साफ करायच्या काडीने अ‍ॅसिटोन अर्धा मिनिट टेकवा. थर चिकट झाला किंवा काडीला रंग लागला तर नायट्रो. काहीच झालं नाही तर पॉली. आतल्या खड्ड्यात करू नका, तिथे शिल्डिंगचा, म्हणजे विजेची खरखर अडवणारा, वेगळा रंग असतो, तो फसवतो. आणि अ‍ॅसिटोनचा थेंब पिकगार्डवर (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर) किंवा बटणांवर पडू देऊ नका, प्लास्टिक विरघळेल. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर बाटली वाचा, हल्ली बरेचसे अ‍ॅसिटोनविना येतात.

सहावी_तार

टेप काढली, आणखी काही उडालं नाही. अ‍ॅसिटोन मेडिकलमध्ये मिळालं नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळालं. प्लेटखाली अर्धा मिनिट धरून पाहिलं, मग परत एक मिनिट. काहीच झालं नाही. काडी पांढरीच. म्हणजे पॉली, बरोबर?

माधवनगर

बरोबर. पॉलीयुरेथेन की पॉलिएस्टर ते यातून कळत नाही, पण तुमच्या कामाला दोन्ही सारखेच. सविस्तर रात्री लिहितो.

तरफ

मी मिरजेचा. आमच्या घरात तीन पिढ्या सतार-तंबोऱ्याचं काम आहे आणि मी पॉलिशला बसतो. इलेक्ट्रिक गिटार माझा प्रांत नाही, पण टवका हा आमचा रोजचा विषय आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे चपडा, म्हणजे लाखेच्या पापड्या, स्पिरिटमध्ये भिजत घालतात, गाळून घेतात आणि मलमलीच्या बोळ्याने हातावर हात, म्हणजे थरावर थर, चढवतात. एका वाद्यावर असे किती हात जातात ते मोजत कुणी बसत नाही. चाळीस वर्षांपूर्वी घरातून गेलेला तंबोरा टवका पडून परत येतो, तेव्हा मला घाबरायचं कारण नसतं. नवा चपडा लावला की त्यातलं स्पिरिट जुन्या थराला मऊ करतं आणि नवा थर जुन्यात मुरतो. सांधा राहत नाही. काम संपल्यावर माझं मलाच बोट ठेवून दाखवता येत नाही कुठे भरलं होतं ते.

ताईंच्या गिटारवर तसं होणार नाही. अ‍ॅसिटोनने जो थर हलला नाही तो स्पिरिटने काय हलणार? त्यावर काहीही लावलं तरी ते शेजारी बसेल, आत मुरणार नाही. म्हणून तिथे आमची रीत चालत नाही, खड्डा भरून पातळी साधावी लागते. भरलेल्या जागेचा काठ उजेडात तिरका धरला तर थोडा दिसणारच, हे आधी मनाशी धरा. मग काम शांतपणे होतं.

एक गोष्ट मात्र आमच्याकडची कामाला येईल. उघड्या लाकडावर रंग द्यायच्या आधी चपड्याचे दोन पातळ हात द्या. चपडा जवळपास कशालाही धरतो आणि लाकडाची तोंडं बंद करतो. नंतर पाण्यातला रंग लावलात तरी लाकूड फुगत नाही, रेषा उठत नाहीत. फक्त पॉलिश ताजं हवं. सहा-आठ महिने करून ठेवलेला चपडा नीट सुकत नाही, चिकट राहतो. मिरजेला येणं झालं तर सतारमेकर गल्लीत कुणाकडेही मागा, छोट्या बाटलीत देतील.

आणि त्या खरवडण्याच्या सल्ल्याबद्दल. डाळीएवढ्या जखमेसाठी अख्खं अंग सोलायचं नसतं. वाद्य कुठलंही असो.

रसायनवेडी (तासगाव)

तरफ यांनी अनुभवाने सांगितलं तेच थोडं रसायनाच्या बाजूने. चपडा आणि नायट्रोसेल्युलोज सुकतात ते द्रावक उडून गेल्यामुळे. रेणू तेच राहतात, म्हणून द्रावक परत दिलं की ते परत विरघळतात. गुळाचा पाक घट्ट झाला तरी पाणी घालून पातळ करता येतो तसं. पॉलीयुरेथेन आणि पॉलिएस्टर सुकत नाहीत, ते पिकतात. रेणू एकमेकांशी जोडले जाऊन जाळं बनतं आणि ते द्रावकाने सुटत नाही. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही तसं.

सुपरग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. १९४२ मध्ये हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते तेव्हा ते सापडलं. हाताळताना सगळीकडे चिकटतं म्हणून तेव्हा बाजूला ठेवलं आणि १९५८ मध्ये गोंद म्हणून बाजारात आलं. ते घट्ट होतं ओलाव्यामुळे. हवेतली आणि पृष्ठभागावरची ओल पुरते. यातून ताईंसाठी दोन गोष्टी निघतात. सांगलीच्या पावसाळी हवेत त्याची वरची साय लवकर धरते आणि जाड थेंब असेल तर खालचं ओलं राहू शकतं. म्हणून थर पातळच हवेत. दुसरं, त्यात पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग कालवू नका, वाटीतच गठ्ठा होईल. रंग आधी, तो पूर्ण वाळला की वरून गोंद.

एक धोक्याची गोष्ट. सुपरग्लू कापसावर किंवा सुती कापडावर सांडला तर तो झपाट्याने तापतो, धूर येतो, हात भाजतो. पुसायला सुती फडकं घेऊ नका. खिडकी उघडी ठेवा, चेहरा थेट वर धरू नका, चष्मा लावा.

पोवईनाका (सातारा)

रंगाबद्दल मी सांगतो. भावाचं गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंगचं काम आहे, मी पंधरा वर्षं त्याच्याबरोबर स्प्रेची बंदूक धरतोय, आणि घरी बास गिटार आहे.

गाडीचा रंग आणि गिटारचा रंग हे नातं जुनं आहे. आमच्याकडचे म्हातारे कारागीर अजून स्प्रेच्या रंगाला सरसकट ड्यूको म्हणतात. ते ड्यूपाँ कंपनीचं नाव, १९२० च्या दशकात मोटारींसाठी आलेला नायट्रोसेल्युलोजचा रंग. फेंडरने आपल्या गिटारांसाठी ड्यूपाँचेच मोटारींचे रंग उचलले. फिएस्टा रेड फोर्डच्या गाडीवरचा, लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकवरचा. १९६८ च्या सुमारास त्यांनी पॉलिएस्टरचे जाड थर सुरू केले आणि आज बहुतेक गिटारांवर पॉलीच असतं. ते चिवट, पण आपटलं की नायट्रोसारखं दबत नाही, काचेसारखा टवका उडतो. ताईंचा तसाच उडालाय.

ताई, तुमची गिटार काळी आहे हे नशीब समजा. गाड्यांच्या टच-अपची छोटी बाटली येते, झाकणाला ब्रश असतो, साधा काळा घ्या. मेटॅलिक असती तर मी हात लावू नका म्हणालो असतो. त्यातले चांदीचे कण स्प्रेमध्ये एका अंगाने बसतात, ब्रशने वेडेवाकडे बसतात आणि तो ठिपका कायम वेगळा चमकतो. पांढऱ्याची वेगळी गत, जुनी पांढरी गिटार पिवळसर झालेली असते, बाटलीतला पांढरा तिथे उठून दिसतो.

दोन गोष्टी टाळा. फर्निचरचं किंवा डॅशबोर्डचं चमक आणणारं पॉलिश जवळ आणू नका. त्यात सिलिकॉन असतं, ते लागलेल्या जागी रंग बसत नाही, मागे सरतो आणि गोल खळगे पडतात. कामाआधी जागा पेट्रोलवर्गीय थिनरने नीट पुसा. आणि कुणी सांगितलं की हार्डनर मिसळून मारायचा टू-के क्लिअर (पारदर्शक थर) घरी मार, तर नको. त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमची इजा करू शकतं आणि साधा धुळीचा मास्क त्याला अडवत नाही. आम्ही तो बूथमध्ये, बाहेरची हवा पुरवणारा मास्क लावून मारतो. डाळीएवढ्या टवक्यासाठी ते धाडस कुणी करू नये.

माधवनगर

आता कृती. मोठी आहे, पण घाईघाईत वाचू नका, प्रत्यक्ष कामाला एकूण तीन-चार तासच लागतात. बाकी वाट बघणं.

तारा काढा, पिकगार्डच्या फटींवर आणि पिकअपवर मास्किंग टेप लावा. स्टील वूल घरात असेल तर ते या कामात अजिबात नको, त्याचे लोखंडी कण पिकअपच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि निघता निघत नाहीत.

सुटलेला थर दातकोरणीने हळू उचलून बघा. जो सहज सुटतो तो काढून टाका, तो पुढे-मागे उडणारच आहे. जो धरून आहे पण खाली पांढरा दिसतो, त्याच्या कडेला दातकोरणीच्या टोकावरून पातळ सुपरग्लूचा बारीक थेंब टेकवा. जेल नको, पाण्यासारखा पातळच हवा. तो आपोआप आत ओढला जातो. पांढरी कडा डोळ्यांदेखत काळी होते. हलकं दाबून धरायचं असेल तर मधे पॉलिथिनचा तुकडा ठेवा, त्याला तो चिकटत नाही. मग रात्रभर हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी उघड्या लाकडावर तरफ यांनी सांगितलेला चपडा. ही कल्पना मला नवीन आहे, मी थेट सुपरग्लूने लाकूड बंद करायचो, पण चपडा जास्त सौम्य वाटतो. वाळला की काळा रंग. इथे बहुतेकांची चूक होते, माझी पहिल्यांदा झाली होती: रंग खड्ड्याच्या काठापर्यंत भरला जातो. तसं करू नका. रंग फक्त तळाला आणि भिंतींना, पातळ, म्हणजे रंगानंतरही खड्डा खड्डाच राहिला पाहिजे. कारण शेवटी पातळी करताना वरचा थर घासला जाणार आहे. तिथे रंग असेल तर तो निघून जाईल आणि लाकूड पुन्हा डोकावेल. वर घासायला पारदर्शक गोंद शिल्लक हवा. रंगाला दोन-तीन दिवस वाळू द्या.

मग भरणी. एका वेळी एकच छोटा थेंब, दातकोरणीने पसरवून. प्रत्येक थेंबाला निदान दोन-तीन तास. शिंगाच्या गोल कडेवर थेंब ओघळतो, म्हणून गिटार उशीवर अशी टेकवा की टवका बरोबर आकाशाकडे राहील. झटपट घट्ट करणारा अ‍ॅक्टिव्हेटरचा फवारा मिळतो, तो नको, त्याने बुडबुडे येतात आणि पांढुरकेपणा येतो. खाण्याचा सोडाही नको. त्याने क्षणात दगड होतो हे खरं, नटची (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच बुजवायला मी तो वापरतो, पण तो पांढरा होतो. खड्डा काठाच्या किंचित वर येईपर्यंत थेंब द्या आणि शेवटच्यानंतर दोन दिवस थांबा.

पातळी करायला पेपर कटरचं कोरं पातं घ्या. दाढीचं ब्लेड वाकतं, ते नको. पात्याच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचा एकेक थर गुंडाळा, मधली सात-आठ मिलिमीटर धार उघडी. टेप चांगल्या पॉलिशवर सरकते आणि मधली धार फक्त वर आलेला गोंद खरवडते. पातं उभं धरून आपल्याकडे ओढायचं, कापायचं नाही. भुकटी निघाली पाहिजे, साल निघाली तर गोंद अजून कच्चा आहे.

टेपच्या जाडीइतका उंचवटा राहील. तो वॉटर पेपरने (ओला करून घासायच्या पॉलिश पेपरने), खरखरीतपासून बारीककडे: ८००, १०००, १५००, २०००. खोडरबराच्या छोट्या तुकड्याभोवती कागद गुंडाळा, पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. पाणी अगदी कमी. खांद्याच्या पट्ट्याच्या स्क्रूच्या भोकात पाणी गेलं तर आतलं लाकूड फुगतं आणि भोकाभोवती थर तडकतो. त्या भोकात आधी मेणबत्तीचं मेण दाबून ठेवा. आणि कडेवर जपून, कडेला फिनिश सगळ्यात पातळ असतं, चार हात जास्त झाले की खालचा रंग दिसायला लागतो. ८०० चा कागद फक्त भरलेल्या ठिपक्यावर, शेजारी जाऊ देऊ नका.

शेवटी गाडीचं रबिंग कंपाउंड, सिलिकॉन नसलेलं, मऊ कापडाने. काळ्यावर चरे लगेच दिसतात, म्हणून २००० नंतर दिव्याखाली तिरकं धरून बघा. उभे-आडवे चरे राहिले असतील तर कंपाउंडने ते जाणार नाहीत, एक पायरी मागे जा.

कृष्णाकाठ

वेगळं मत मांडतो. मी वीस वर्षं वाजवतोय. माझ्या गिटारला सात टवके आहेत आणि एकही भरलेला नाही. सुटलेली कडा चिकटवा, लाकूड बंद करा, तिथेच थांबा. ओल आत जाऊ नये एवढंच महत्त्वाचं, कारण ओल गेली की कडेचा थर पुढे पुढे सुटत जातो. २०१९ च्या पुरात आमच्या घरात गिटार माळ्यावर होती, पाणी तिथपर्यंत आलं नाही, पण महिनाभर दमट हवेत राहिली आणि एका उघड्या टवक्याची कडा दुप्पट झाली. बंद केलेले टवके जसेच्या तसे होते.

त्यापुढचं भरणं-घासणं हे हौसेचं काम आहे. हौस असेल तर जरूर करा. पण घासताना चांगला भाग खराब झाला तर मूळ टवक्यापेक्षा ते जास्त सलतं, हे मी दोन मित्रांच्या बाबतीत पाहिलंय.

औंधकर

याच धाग्यात विचारतो. माझी गिटार नायट्रोची आहे, सनबर्स्ट. स्टँडला लागते त्या जागी फिनिश मऊ होऊन डाग पडलाय, आणि मागे एक छोटा टवका आहे. तिलाही सुपरग्लूच का?

रसायनवेडी

डाग स्टँडच्या रबराचा असणार. रबर आणि व्हिनाइल यांतली काही द्रव्यं नायट्रोत उतरतात आणि त्याला मऊ करतात. स्टँडला सुती कापड गुंडाळा, आजच. पॉलीच्या गिटारला हा त्रास सहसा होत नाही.

टवक्यासाठी तुमच्याकडे नायट्रोचाच पर्याय आहे. पारदर्शक नायट्रो लॅकर थेंबाथेंबाने दिलंत तर तरफ यांच्या चपड्यासारखंच ते जुन्यात मुरतं. साध्या नेलपॉलिशमध्येही नायट्रोसेल्युलोज असतं, अगदी लहान टवक्यावर पारदर्शक नेलपॉलिश वापरणारे आहेत, पण त्यात मऊ ठेवणारी द्रव्यंही असतात, म्हणून मी लॅकरच सुचवीन. पावसाळ्यात मात्र नायट्रो लावू नका. द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. दिवाळीनंतरची कोरडी हवा येऊ द्या.

तरफ

चपड्याचंही तेच. आषाढ-श्रावणात आम्ही शेवटचे हात टाळतो, किंवा दुपारी ऊन असेल तेवढ्यात उरकतो.

सहावी_तार

सगळ्यांचे मनापासून आभार. कृष्णाकाठ यांचं म्हणणं पटलं, आणि तरी मी भरायचं ठरवलं. कारण तो टवका बरोबर मांडीला लागतो त्या जागी आहे, काठाचा खरखरीतपणा वाजवताना जाणवतो.

रविवारी मिरजेला जाऊन आले. चपडा मिळालाच, शिवाय तासभर बसून पॉलिश बघायला मिळालं. भोपळे पंढरपूरकडून येतात हे माहीत होतं, पण एका भोपळ्याला वाद्य व्हायला किती हात लागतात ते कधी पाहिलं नव्हतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बातमी वाचून पान उलटलं होतं. तेरा वर्षं सांगलीत राहून त्या गल्लीत पहिल्यांदा गेले, याचं वाईट वाटलं.

आता काम कुठवर आलं ते. पांढरी कडा खरोखर डोळ्यांदेखत काळी झाली. चपडा, रंग, सगळं सांगितल्याप्रमाणे. भरणीत मात्र चुकले. चौथ्या थेंबाला वाटलं खड्डा अजून बराच आहे, म्हणून एकदम मोठा थेंब सोडला. त्या दिवशी सतत पाऊस होता, खिडकी बंद, पंखा बंद. दुसऱ्या दिवशी वरून कडक लागत होतं. पात्याने ओढलं तर भुकटीऐवजी साल निघाली, मधोमध खळगा पडला, आत गोंद रबरासारखा. शिवाय टवक्याभोवतीच्या चांगल्या पॉलिशवर पांढरी धुरकट झाक आलीय, बोटाने पुसली तर जात नाही. इथे थांबलेय. काय करू?

माधवनगर

काही बिघडलेलं नाही. मऊ भाग दातकोरणीने पूर्ण कोरून काढा, कडक लागेपर्यंत. खालचे तीन थेंब घट्ट असतील तर रंगापर्यंत जावं लागणार नाही. अ‍ॅसिटोनने विरघळवायला जाऊ नका. तुमचं पॉली टिकेल, पण खालचा टच-अपचा रंग आणि आतला चपडा दोन्ही जातील.

रसायनवेडी

धुरकट झाक म्हणजे गोंदाची वाफ. बंद, दमट खोलीत ती शेजारी बसते आणि तिथेच घट्ट होते. ती पॉलिशच्या वर आहे, आत नाही, रबिंग कंपाउंडने निघेल. पुढच्या थेंबांना पंखा मंद आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, वाफ साचू नये एवढाच वारा हवा.

सहावी_तार

झालं!

मऊ भाग कोरला, तळाचे थर घट्ट होते. त्यानंतर सहा छोटे थेंब, सकाळी एक आणि रात्री एक. मग पूर्ण तीन दिवस थांबले. या वेळी पात्याखाली पांढरी भुकटी आली, तो आवाजसुद्धा वेगळा असतो, कोरडा. ८०० चा कागद दहा-बारा हातच फिरवला. सगळ्यात जास्त वेळ १५०० ला गेला, कारण दिव्याखाली धरलं की १००० चे चरे दिसतच होते. दोनदा मागे जावं लागलं. धुरकट झाक कंपाउंडच्या पहिल्या हाताला गेली.

आता बोट फिरवलं तर काही लागत नाही. समोरून बघितलं तर दिसत नाही, फोटो टाकलाय. खिडकीपाशी तिरकी धरली की डाळीच्या आकाराची बारीक रेघ दिसते, तरफ म्हणाले होते तशीच. आईला दाखवली, तिने चष्मा लावून दोन मिनिटं शोधलं आणि चुकीच्या जागी बोट ठेवलं.

खर्च: अ‍ॅसिटोन, रंगाची बाटली, चार वॉटर पेपर, दोन सुपरग्लू, कंपाउंडची छोटी डबी. सगळं मिळून तारांच्या दोन सेटइतकं. चपड्याचे पैसे घेतले नाहीत.

पोवईनाका

फोटोत मला तर सापडला नाही. कंपाउंडवर महिनाभर मेण चढवू नका, रंग आत पूर्ण वाळू द्या.

औंधकर

आवाजात काही फरक?

सहावी_तार

मला तरी नाही. नव्या तारांचा फरक तेवढा कळतोय.

तरफ

सतारीच्या तबलीवर (वरच्या पातळ फळीवर) पॉलिश जाड झालं तर आवाज दबतो, म्हणून तिथे आम्ही हात आखडता घेतो. ताईंचं लाकूड भरीव, त्यात डाळीएवढा गोंद, त्याने काय होणार. ताई, दोन-तीन महिन्यांनी पुन्हा एकदा तिरकी धरून बघा. भरणी थोडी बसते.

सहावी_तार

दिवाळी झाली, आज बघितलं. बसलीय, नखाला जेमतेम लागेल एवढी. पातं आणि १५०० चा कागद डब्यात ठेवलेत. एक थेंब आज देते, घासायला पुढच्या रविवारी घेईन. तोवर केबल पट्ट्यातून ओवून मग जॅकमध्ये घालायची सवय लावून घेतलीय, पाय अडकला तरी गिटार ओढली जात नाही.